वेलांटी आधी की अक्षर आधी?

देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी ही मोठी खोडकर बाब आहे. 'कि' म्हणताना जिभेवर आधी क येतो आणि मागून इ. लिहिताना मात्र वेलांटी अक्षराच्या डाव्या हाताला, म्हणजे आधी. 'स्थिती' या शब्दात तर ती अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारून पलीकडे जाऊन बसते. हाताने लिहिणाऱ्याला याचे काही वाटत नाही. यंत्राला मात्र वाटते. खिळे जुळवणाऱ्यापासून ते संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यापर्यंत, ज्याने ज्याने यंत्राकडून देवनागरी लिहून घ्यायचे ठरवले त्याला हा प्रश्न सोडवावा लागला आहे. वेलांटी आधी ठेवायची की अक्षर?

मंडळी, आज आपण मोबाइलवर धडाधड मराठी लिहितो. ब्लॉग लिहितो, बारशाची आमंत्रणे घरच्या घरी करतो, कुणी आजोबांच्या आठवणींचे छोटे पुस्तक करून नातेवाइकांना पाठवतो. यासाठी एक पैसा मोजत नाही. या फुकटच्या सोयी आल्या कुठून, याचा माग मी गेले काही महिने जमेल तसा काढत होते. मला वाटले होते सगळे मोठ्या कंपन्यांनी केले असणार. तसे निघाले नाही. फावल्या वेळात, स्वतःची गरज म्हणून, एकेकट्या माणसांनी केलेली लहान लहान हत्यारे या गोष्टीत जागोजागी भेटतात. त्यातली काही टिकली, काही गेली. का टिकली आणि का गेली, हे पुष्कळसे त्या वेलांटीशीच बांधलेले आहे.

आधी थोडे मागे जाऊ. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना मुंबईत १८६९ साली निघाला. त्यांच्या सुबक देवनागरी टाइपाचे नाव देशभर झाले. पण त्या सुबकपणाची किंमत कंपॉझिटरच्या खांद्यांना मोजावी लागे. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, त्यांची मोठी-छोटी रूपे, आकडे, विरामचिन्हे एवढ्यावर भागते. देवनागरीला जोडाक्षरे आली, काना-मात्रा आल्या, रफार आला. खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. म्हणून लिपीच आटोपशीर करावी असे शहाण्या माणसांना वाटू लागले. खुद्द टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी अ ची बाराखडी काढली, म्हणजे इ, ई, उ, ऊ यांना वेगळी अक्षरे नकोत, अ लाच वेलांट्या आणि उकार लावायचे. माझ्या लहानपणी काही जुन्या पुस्तकांत ते 'अि' आणि 'अु' दिसायचे आणि वाचताना ठेच लागायची.

टंकलेखन यंत्राने तर हातात कात्रीच घेतली. चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे. एवढ्यात सगळी देवनागरी बसवायची. मग उभ्या दांडीची अक्षरे दांडीशिवाय अर्धी ठेवायची आणि लागेल तिथे काना मारून पूर्ण करायची. वेलांटीची कळ आधी दाबायची, मग अक्षराची, कारण कागद डावीकडे सरकतो आणि यंत्राला फक्त आकार ठाऊक असतो, उच्चार नाही. कोर्टाच्या बाहेर झाडाखाली बसून अर्ज टंकणाऱ्या माणसांची बोटे हा उलटा क्रम इतका पाळत की त्यांना दुसरा क्रम असू शकतो हे पटले नसते.

म्हणजे शंभर वर्षे विचाराची दिशा एकच होती. यंत्र आहे असे आहे, लिपीने आपले अंग चोरून त्यात बसावे.

ही दिशा उलटली ती संगणकामुळे, आणि त्याची एक सुरुवात तरी अगदी वेगळ्या ठिकाणी झाली. अमेरिकेत डोनाल्ड क्नूथ नावाचे गणिती संगणकशास्त्रावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहीत होते. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. छपाईचे तंत्र बदललेले, जुने खिळ्यांचे जुळवणीकाम मागे पडलेले, आणि नवी पाने त्यांना इतकी कुरूप वाटली की त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि पुस्तक जुळवण्याचा प्रोग्राम स्वतःच लिहायला घेतला. थोडक्यात होईल असे त्यांना वाटले होते. दहा-एक वर्षे गेली. त्या प्रोग्रामचे नाव टेक. अक्षरे घडवण्यासाठी जोडीला मेटाफाँट नावाचे दुसरे हत्यार केले. दोन्ही जगाला देऊन टाकली, पैसे न घेता, आतल्या सगळ्या मजकुरासकट. अट एवढीच की कुणी त्यात बदल केले तर त्याला टेक म्हणायचे नाही, दुसरे नाव द्यायचे.

या क्नूथ आजोबांबद्दल (ते १९३८ चे) थोडे लिहिल्यावाचून मला राहवत नाही. आपल्या ग्रंथांत चूक दाखवणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेश पाठवत. छप्पन्नच का, तर २५६ हा संगणकाचा लाडका आकडा. लोक तो बँकेत न भरता चौकटीत लावून भिंतीवर टांगत. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला पायच्या किमतीकडे एक घर सरकतो, ३.१४, मग ३.१४१, असा. आपल्या मृत्यूनंतर आवृत्तीला पाय हेच नाव द्यावे आणि मग उरलेल्या चुकांना चुका न म्हणता टेकचा स्वभाव म्हणावे, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी फळ्यावरचा सुविचार तीनदा पुसून लिहिणारी मी, मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

हत्यार असे उघडे ठेवले की कोण कुठून येऊन ते उचलेल हे सांगता येत नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगन विद्यापीठासाठी फ्रान्स वेल्थुइस या गृहस्थांनी मे १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरी तयार केली. टेकवर देवनागरी आणणारी ती पहिली व्यवस्था. संस्कृतच्या अभ्यासकांना पुस्तके हवी होती आणि साध्या इंग्रजी कळफलकापलीकडे हाताशी काही नव्हते. तेव्हा त्यांनी असे ठरवले की लिहिणाऱ्याने रोमन अक्षरांत उच्चाराच्या क्रमाने लिहावे. दीर्घ आ हवा तर ए दोनदा, ट हवा तर टी च्या आधी एक टिंब. आधी अक्षर, मग स्वर. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणे, जोडाक्षर जुळवणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे ही हमाली प्रोग्रामने करायची.

खिळ्यांची शंभर वर्षांची कटकट एका परक्या देशातल्या माणसाने अशी बाजूला सारली. लिपीने काही सोडायचे नाही, यंत्राने शिकायचे.

हाच विचार आपल्याकडेही चालू होता, आणि हे सांगितले नाही तर अन्याय होईल. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिस्ट तंत्राचे काम झाले. ते पुढे पुण्यात १९८८ साली निघालेल्या सी-डॅकमध्ये आले. संगणकात एक कार्ड बसवायचे आणि पडद्यावर देवनागरी उमटायची. त्यामागचे तत्त्व असे की साठवायचा तो वर्ण, आकार नव्हे. भारतीय लिप्यांच्या या संकेताचे, इस्कीचे, राष्ट्रीय मानक १९९१ साली ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेला होता. इन्स्क्रिप्ट हा कळफलकही याच घराण्यातला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या, आणि क च्याच कळेवर शिफ्ट दाबले की ख. वर्णमाला पाठ असलेल्याला तो दोन आठवड्यांत येतो. तरी आपण शिकत नाही, ते सोडा.

म्हणजे १९९१ सालीच उत्तर तयार होते. प्रत्यक्ष आपल्या घरात ते यायला पुढची दहा-पंधरा वर्षे लागली, कारण साध्या संगणकांना युनिकोडची देवनागरी उमटवता येत नव्हती. या मधल्या काळात जे झाले ती खरी गोष्ट आहे.

एकीकडे परदेशात शिकायला गेलेली आपली मुले होती. १९९० च्या दशकात आंतरजालावर हिंदी गाण्यांच्या चर्चा करणारा त्यांचा एक गट होता. गाण्याचे शब्द एकमेकांना कळवायचे तर रोमन लिपीतच लिहावे लागत, आणि ज्याचा त्याचा हिशेब वेगळा. कुणाचा त तो कुणाचा ट. अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स नावाचा प्रोग्राम लिहिला, आणि त्याच्याबरोबर लिहिण्याची एक पक्की रीत ठरली. छोटा टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. छोटा ए म्हणजे अ, मोठा ए म्हणजे आ. 'मराठी' लिहायचे तर छोटे एम-ए-आर, मग मोठा ए, मोठा टी, छोटा एच, मोठा आय. दिसायला ओबडधोबड, पण उच्चार एकदम निःसंदिग्ध. ठ आणि थ यांत गोंधळ नाही, न आणि ण यांत नाही. हा प्रोग्राम फुकट वाटला गेला, आणि या रीतीने लोकांनी शेकडो गाणी लिहून काढली. गंमत बघा, कुणी पगारी नाही. दिवसा प्रयोगशाळेत काम करायचे आणि रात्री कॅसेट मागे-पुढे करत तिसऱ्या कडव्यातला एक शब्द ऐकत बसायचे. त्या संग्रहाला आयट्रान्स गीतपुस्तकच म्हणत. संस्कृत स्तोत्रेही स्वयंसेवकांनी अशीच उतरवली.

दुसरीकडे आपल्या गावोगावी डीटीपीची दुकाने निघाली. तिथे उत्तर वेगळे होते आणि झटपट होते. संगणकाला इंग्रजीच कळते ना, मग इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवा. ए च्या जागी अर्धा ग, बी च्या जागी काना, असे. संगणकाच्या समजुतीने तो इंग्रजीच लिहीत असे, फक्त वरून देवनागरीचा सदरा. छपाई फार सुंदर होई. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळे त्यावर निघाले. यातले बरेच फाँट विकतचे होते. पण शुषासारखे फुकट वाटलेलेही होते, आणि मराठी-हिंदीची पहिली कितीतरी संकेतस्थळे अशा फाँटवर उभी राहिली. त्या फाँटांची निंदा मी करणार नाही, त्यांनी आपल्याला दहा वर्षे लिहिते ठेवले. पण प्रत्येक फाँटची वाटणी वेगळी. एकाचा काना तो दुसऱ्याचा उकार. आणि मुख्य म्हणजे ही टंकलेखन यंत्राचीच भावकी. साठवला जाई तो आकार. वेलांटी आधी, अक्षर मागून.

याचा अर्थ काय होतो ते मला आमच्या शाळेच्या स्मरणिकेने शिकवले. शाळेचा अमृतमहोत्सव १९९८ साली झाला. गावातल्या एका डीटीपीवाल्याकडे स्मरणिका जुळवली, छापली, वाटली. जागेअभावी चार लेख वगळावे लागले होते. त्यातला एक आमच्या शिपाईमामांचा. त्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी सांगितले आणि मी उतरवून घेतले. १९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी वाटली जाई, ती कुठल्या पातेल्यात शिजे, मुले घरच्या धाकट्या भावंडांसाठी ती कागदात बांधून कशी नेत, कुणी नेली तर मामा तिकडे कशी पाठ फिरवत, हे सगळे त्यात होते. मामा २००३ मध्ये गेले. हस्तलिखित दुकानातच राहिले आणि दुकान बंद झाले. उरली ती फ्लॉपीवरून सीडीवर घेतलेली फाइल.

काही वर्षांपूर्वी शतकमहोत्सवाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्या लेखांची आठवण निघाली. फाइल पेजमेकरची. आता पेजमेकर कुणाकडे असणार? पण लिबरऑफिस या मुक्त प्रोग्रामला २०१५ च्या आवृत्तीपासून पेजमेकरच्या जुन्या फायली उघडता येतात. जगात कुणालातरी असे जुने कागद वाचायचे होते, म्हणून त्यांनी ती सोय लिहिली. फाइल उघडली. आत टोप्या घातलेली रोमन अक्षरे, उलटे स्वल्पविराम, पौंडाची चिन्हे, मधूनच एखादा टक्का. मामांचा सगळा दुष्काळ त्यात होता, पण वाचता येत नव्हता.

भाच्याने एक साधे पान शोधून दिले. वर एक चौकट, खाली एक चौकट, मध्ये एक बटण. वरच्या चौकटीत जुन्या फाँटचा मजकूर टाकायचा, खाली युनिकोड मिळते. अशी रूपांतराची पाने हिंदीतल्या काही हौशी तंत्रज्ञांनी बरीच केली आणि फुकट वाटली. उतरवून घेतले तर आंतरजालाशिवायही चालतात. आतला मजकूर उघडा असतो, म्हणून मी तो वाचून पाहिला. मला प्रोग्राम कळत नाहीत, पण हा थोडाफार कळला. आधी एक लांबलचक तक्ता, अमुक चिन्ह म्हणजे तमुक अक्षर. ते सोपे. मग वेलांटीचा भाग येतो. प्रत्येक वेलांटी शोधायची, तिच्यापुढे कोणते अक्षर आहे ते बघायचे, ते अर्धे असेल तर त्याच्याही पुढचे बघायचे, आणि पूर्ण अक्षर सापडले की त्याच्या मागे वेलांटी नेऊन ठेवायची. 'स्थिती' साठी स आणि थ दोन्ही ओलांडायचे. रफाराचे बरोबर उलटे. 'कर्म' मध्ये तो म च्या डोक्यावर, म्हणजे मागून लिहिलेला असतो, त्याला म च्या आधी आणायचे. कंपॉझिटरने, टंकलेखकाने, डीटीपीवाल्याने जे आकारासाठी उलटे केले ते पुन्हा उच्चारासाठी सुलटे करायचे, ही अवघी करामत.

बटण दाबले आणि शिपाईमामा बोलू लागले. सत्तर-ऐंशी ठिकाणी रफार चुकले होते, ते मी दोन दुपारी बसून नीट केले.

आता याच्याशेजारी ती गाणी ठेवून बघा. आयट्रान्सने लिहिलेला मजकूर दिसायला कुरूप होता, पण त्यात वर्ण होते, क्रमाने होते आणि साध्या रोमन अक्षरांत होते. ती गाणी आणि स्तोत्रे पुढे युनिकोड देवनागरीत आणताना असे काही उकरावे लागले नाही. आयट्रान्सचा मूळ प्रोग्राम आज फारसे कुणी चालवत नसेल. त्याने काही अडले नाही. त्याउलट आमची स्मरणिका कागदावर देखणी होती आणि फायलीत मुकी. माझ्या मते 'कोणते हत्यार चांगले' याचा खरा निकाल इथे लागतो, पडद्यावर ते कसे दिसते त्यावर नाही.

युनिकोडचे घरात येणे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आला, पण सोय आपोआप चालू नसे. एक्सपीमध्येही ती वेगळी बसवावी लागे आणि त्यासाठी नेमकी ती सीडी कुणाकडे तरी मागावी लागे. विंडोज ९८ वाल्यांना नुसत्या चौकटी दिसत. बेंगळुरूकडच्या शेषाद्रि वासू यांनी १९९८ मध्ये कन्नडसाठी 'बरह' केले. कन्नडमध्ये बरह म्हणजे लेखन. पुढे त्यात मराठीही आली, आणि आपण त्याला बरहा म्हणून मोकळे झालो. ते बरीच वर्षे फुकट मिळे. 'गमभन' तर नावापासून आपले. बालवाडीत ज्या अक्षरांनी हात वळतो तीच नावात. ते संकेतस्थळाच्या चौकटीतच चाले, संगणकावर काही बसवावे लागत नसे. माझ्या पिढीतल्या कितीजणांनी निवृत्तीनंतरची पहिली ओळ त्यात लिहिली असेल!

मराठीची दोन दुखणी मात्र त्यातही उरली. पहिले दुखणे 'ऱ्या' चे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना वंदन करायचे असते आणि आचाऱ्यांना पंगतीची संख्या सांगायची असते. हिंदीला हा भेद नाही, म्हणून सुरुवातीच्या सोयींत तो कसा लिहायचा हेच लोकांना कळेना, आणि आंतरजालभर 'दुसर्या' आणि 'तर्हा' पसरले. दोन रीती निघाल्या. साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकायचे, किंवा खाली टिंब असलेला ऱ वापरायचा. दोन्ही दिसायला सारखे, पण आत वेगळे. त्यामुळे एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडेलच असे नाही. दुसरे दुखणे 'ॲ' चे. आपण अ वर चंद्र काढतो, तक्त्यात होता तो हिंदी पद्धतीचा, ए वर चंद्र असलेला ऍ. मराठी ॲ ला स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. म्हणून जुन्या मराठी ब्लॉगांवर सगळीकडे 'ऍ' दिसतो. पुढे कुणी त्यावरून लेखकाच्या शुद्धलेखनाला हसू नये म्हणून हे लिहून ठेवते. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ ला, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवणारा निर्णय काढला. पाकळीचा ल, गाठीचा श वगैरे.

फुकट आणि मुक्त यांतला फरक मला मंगलमुळे नीट समजला. इंग्रजीत दोन्हींना फ्री म्हणतात आणि घोळ होतो. म्हणून तर लिबरऑफिसवाल्यांनी नावासाठी लिबर हा परका शब्द घेतला. आपल्याकडे शब्द आधीपासून वेगळे आहेत. लग्नातले जेवण फुकट असते, विहीर मुक्त असते. मंगल घडवला सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी. तो विंडोजबरोबर फुकट आला, पण मालकी कंपनीची. त्याच जोशींनी मुंबईच्या एनसीएसटीत 'रघू' नावाचा फाँट केला, तो मुक्त परवान्याखाली. कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. जोशी २००८ मध्ये गेले. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फाँट आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हे त्याच वाटेवरचे. याउलट एका मोठ्या कंपनीची विंडोजवर चालणारी मराठी टंकलेखनाची सोय माझ्या पुतणीला फार आवडे. फुकट होती. एके दिवशी कंपनीने ती देणे बंद केले, आणि नवा संगणक घेतल्यावर ती मिळेना. तक्रार कुणाकडे करणार? पैसेच दिले नव्हते. मुक्त गोष्टही बेवारस होऊ शकते, नाही असे नाही. पण तिला कुणी दत्तक तरी घेऊ शकतो.

आयआयटी मुंबईने २०१३ मध्ये फुकट दिलेल्या स्वरचक्राचा उल्लेख राहिला. क वर बोट ठेवले की त्याच्याभोवती का कि की कु असे चक्र उमटते आणि बोट त्या दिशेला सरकवायचे. बाराखडी गोल करून मोबाइलवर ठेवली आहे. अक्षर आधी, वेलांटी मागून, अगदी बोलल्यासारखी. इंग्रजी कळफलक न जमणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई त्यावर आता मला रोज सुप्रभात पाठवतात. (हा तंत्रज्ञानाचा दोष म्हणावा का?)

आणि पडद्यावर ती वेलांटी उचलून डावीकडे ठेवण्याची हमाली आज कोण करतो? अँड्रॉइड फोनमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये हे काम हार्फबझ नावाचा एक मुक्त प्रोग्राम करतो. नाव फारसी. हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडे. इराणमध्ये जन्मलेल्या आणि पुढे कॅनडात गेलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी तो वाढवला. त्यांच्या फारसीत अक्षरे एकमेकांना चिकटून रूप बदलतात, त्यामुळे अक्षरे जुळवण्याचे दुखणे त्यांना घरचेच. तुम्ही हे वाचताय त्या क्षणी 'स्थिती' तली वेलांटी बहुधा त्यांच्या हमालानेच जागेवर नेऊन ठेवली असेल.

नातेवाइकांसाठी थोडे. आत्याच्या ओव्यांची वही मी टंकून पूर्ण केली आहे, दोनशे बारा ओव्या. लिबरऑफिसमध्ये मुक्ता फाँट वापरून पाने लावली आहेत आणि छापण्याजोगी पीडीएफ केली आहे. तिच्याबरोबर नुसत्या मजकुराची साधी युनिकोड फाइलही सगळ्यांना पाठवते आहे, सजावट नसलेली. ती दिसायला रुक्ष आहे म्हणून पुसून टाकू नका. सगळीकडे टिंबाचा ऱ वापरला आहे. कुणाच्या फोनवर 'सासऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' मोडलेले दिसले तर फोनचे नाव आणि ओवीचा क्रमांक कळवा.